पुस्तकांच्या पॉडकास्टची नोंदवही : पहिलं पर्व, कोल्हापूर

७ जून २०२५, शनिवार

पहिल्या पर्वाची चौकट नक्की झाली. सहा भाग, प्रत्येकी ३५ ते ४० मिनिटं, पंधरवड्याला एक. फक्त लेखकांच्या मुलाखती घ्यायच्या नाहीत. पुस्तक वाचकाच्या हाती पडेपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या हातांखालून जातं ते सगळे या पर्वात हवेत: प्रकाशक, छापखान्यातली माणसं, मुद्रितशोधक, अनुवादक, दिवाळी अंकाचे संपादक, ग्रंथपाल. मराठीत लेखकांबद्दल भरपूर बोललं जातं, पुस्तकाच्या घडणीबद्दल फार कमी, आणि ती उणीव खरोखर जाणवते.

कोल्हापुरात याला माल कमी पडणार नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. १९३२चं साहित्य संमेलन इथे सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली झालं. वि. स. खांडेकरांचं संग्रहालय विद्यापीठात आहे. रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, आनंद यादव कागलचे. एकाच जिल्ह्यातली गावं, पण चंदगडकडची बोली आणि कागलकडची बोली कानाला लगेच वेगळी कळते. छापील पानावर हा फरक निम्मा हरवतो, मोठ्यानं वाचलं की परत येतो.

एक नियम सगळ्या भागांना लागू: ऐकणाऱ्याच्या हातात पुस्तक नसतं, म्हणून पान त्याच्या कानापर्यंत न्यायचं. प्रत्येक भागात किमान दोन उतारे मोठ्यानं वाचायचे आणि प्रश्न त्या उताऱ्यांतूनच काढायचे. खोली, माइक, हक्क, संपादन यांबद्दलचे पुढचे सगळे निर्णय या नियमाला धरून.

१४ जून, शनिवार

खोलीची निवड. वरच्या मजल्यावरची मोठी खोली सोडली, कारण तिच्यावर पत्रा आहे. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस वाजत राहतो आणि तो आवाज खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत पसरलेला असतो. माणसाच्या बोलण्याचा पट्टाही तोच. सॉफ्टवेअरनं असा आवाज काढायला गेलं की बोलणंही त्याबरोबर खरवडलं जातं आणि पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू येतं. पंख्याची एकसुरी घरघर निघते, पाऊस निघत नाही. म्हणून तळमजला, वर स्लॅब, रस्त्याकडे खिडकी नाही.

खोली सुमारे १० बाय १२ फूट, खाली शहाबादी फरशी, भिंती समोरासमोर आणि गुळगुळीत. टाळी वाजवली की मागे बारीक झणझण उरते. एक इंची फोमच्या चौकोनी तुकड्यांनी हे सुटत नाही. ते फक्त वरचे सूर शोषतात, २०० ते ४०० हर्ट्झमधली घूम तशीच राहते आणि आवाज उलट कोंदट होतो. जाड वाकळा भिंतीला चिकटवून न लावता दोन-तीन इंच पुढे, दोरीवर टांगल्या; मागे हवेची पोकळी राहिली की खालचे सूरही थोडे शोषले जातात. फरशीवर सतरंजी, टेबलावर जाड सुती कापड. बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट: पुस्तकं मुद्दाम पुढेमागे लावलेली, म्हणजे आवाज एकाच दिशेनं परत फिरत नाही. त्यानंतर टाळीची झणझण गेली.

पंखा बंद ठेवायचा. उकाड्यात २५ मिनिटांवर थांबून दार उघडायचं. पाहुण्याला हे आधी सांगितलं की अडचण येत नाही.

२१ जून, शनिवार

माइक डायनॅमिक प्रकारचाच. शुअर एसएम५८ सारखा कार्डिऑइड माइक जवळचं ऐकतो, मागचं बरंचसं सोडतो. कंडेन्सर माइक जास्त नाजूक तपशील टिपतो, पण तो शेजारच्या कुकरची शिट्टीही तितक्याच प्रेमानं टिपतो. शिवाय पावसाळ्याच्या दमट हवेत त्याच्या पडद्यावर ओल धरली की चरचर सुरू होते. कंडेन्सर वापरायचाच तर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवायचा.

मांडणी: तोंडापासून माइक ८ ते १२ सेंटिमीटर, सरळ समोर नाही तर थोडा बाजूला, ओठांच्या कोपऱ्याकडे रोखलेला. प, फ, ब, भ यांचा श्वास थेट जाळीवर आदळला की धप्प आवाज येतो आणि मराठीत महाप्राण व्यंजनं पावलोपावली येतात. जाळीवर स्पंजची टोपी असली तरी कोन बदलण्याचा उपयोग टोपीपेक्षा जास्त होतो. दोन माइकमधलं अंतर तोंड ते माइक अंतराच्या किमान तिप्पट. इथे एक मीटर ठेवलं. अंतर कमी पडलं तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये किंचित उशिरा पोचतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केले की बोलणं पोकळ लागतं. दोघं समोरासमोर बसतात, त्यामुळे प्रत्येक माइकची पाठ समोरच्याकडे राहते.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, प्रत्येक माणसाचा वेगळा ट्रॅक. सर्वसाधारण बोलणं उणे १८ डेसिबलच्या आसपास, हसताना किंवा जोरात बोलताना उणे ६ च्या वर जाता कामा नये. फुटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, हळू आलेला वाढवता येतो. या मापात एका ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी लागतात. दोन ट्रॅक, सव्वा तास म्हणजे जवळपास १.३ जीबी. ३२ जीबीचं कार्ड पुरेसं आहे, पण प्रत्येक वेळी रिकामं करून, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करून घ्यायचं. दुसरी प्रत म्हणून मोबाइल टेबलावर, एअरप्लेन मोडमध्ये, रेकॉर्डिंग चालू ठेवून. वीज गेली तर रेकॉर्डर बॅटरीवर चालत राहतो. अडॅप्टर लावलेला असला तरी सेल आत असलेच पाहिजेत.

लॅपटॉप जोडला की ५० हर्ट्झची गुणगुण येते का ते चार्जर काढून तपासायचं. चार्जर काढल्यावर थांबली तर दोष अर्थिंगच्या वर्तुळात आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा, गुणगुण फिल्टरनं काढत बसायचं नाही, कारण तिच्या पटीतले १०० आणि १५० हर्ट्झचे सूर पुरुषी आवाजाच्या मुळाशीच बसलेले असतात.

पाहुण्यासाठी दारापाशी सूचना: वहाणा बाहेर. कोल्हापुरी पायताणाची करकर खुर्चीखाली पाय हलला तरी माइकमध्ये येते. बांगड्या, घड्याळाचा धातूचा पट्टा, खिशातल्या किल्ल्या टेबलापासून दूर.

२९ जून, रविवार

हक्कांचं काम. उतारे वाचायचे म्हटल्यावर हे आधी.

१९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतात. खांडेकर १९७६ साली गेले. त्यांचं लेखन २०३६ अखेरपर्यंत हक्कांत. शंकर पाटील १९९४, म्हणजे २०५४ अखेर. हरिभाऊ आपटे आणि गडकरी १९१९ साली गेले, केशवसुत १९०५ साली: हे मोकळं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखनही २०११ पासून मोकळं. मात्र मोकळ्या लेखनाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं मोकळी नसतात. मूळ मजकूरच वाचायचा. अनुवादाला अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो, मूळ लेखक दोनशे वर्षांपूर्वीचा असला तरी.

समीक्षेसाठी वाजवी उतारा वापरायला कायद्यात जागा आहे, पण 'वाजवी' किती याचं शब्दांत माप दिलेलं नाही. म्हणून धोरण असं: उताऱ्यावर लगेच चर्चा होणार असेल आणि तो दीड-दोन मिनिटांचा असेल तर समीक्षेच्या आधारावर, त्याहून लांब किंवा पूर्ण कविता असेल तर प्रकाशकाची आणि हक्कधारकाची लेखी परवानगी. पूर्ण कविता लहान असली तरी ती संपूर्ण कृती असते.

पाहुण्याच्या संमतीपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: मुदत, प्रदेश, कशाकशात वापर. कायदा असा आहे की हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पॉडकास्ट पुण्यात ऐकला जातो तसाच लंडनमध्येही, म्हणून 'जगभर' हा शब्द पत्रात हवा. संपादनाचा अधिकार आपल्याकडे, पण वाक्याचा अर्थ बदलेल असा काट मारणार नाही, हेही त्यातच लिहिलं. पाहुण्यांना हे कलम वाचून दाखवलं की ते मोकळेपणानं बोलतात.

सुरुवातीच्या धूनसाठी चित्रपटगीत नको. ८ सेकंदांची हलगी स्वतंत्र वाजवून घेतली, वादकाकडून लेखी हक्कासह. हलगीचा पहिला ठोका इतका तीक्ष्ण असतो की जवळचा माइक फुटतो. दीड मीटरवरून, पातळी बरीच खाली ठेवून घेतली.

१३ जुलै, रविवार

वाचनाची पद्धत ठरली. सूत्रसंचालकानं पुस्तक दोनदा वाचायचं, पहिल्यांदा पेन्सिलीशिवाय. दुसऱ्या वाचनात तीन रंगांच्या चिठ्ठ्या: पिवळी म्हणजे मोठ्यानं वाचण्याजोगं पान, निळी म्हणजे प्रश्न, गुलाबी म्हणजे तपासायची गोष्ट (साल, गाव, नातं, आधीच्या आवृत्तीतला फरक). ब्लर्बवरून (मलपृष्ठावरच्या मजकुरावरून) आणि इतरांच्या मुलाखतींवरून काढलेला प्रश्न लेखकाला लगेच ओळखू येतो आणि तो तयार उत्तर देतो.

'लेखनाची प्रेरणा काय?' हा प्रश्न यादीतून काढला. त्याऐवजी पानाकडे बोट दाखवणारा प्रश्न: 'पान ११२ वर निवेदन अचानक वर्तमानकाळात येतं. आधीच्या खर्ड्यात ते तसंच होतं का?' असा प्रश्न ऐकला की लेखक आठवायला लागतो, आणि आठवत असताना तो जे बोलतो ते इतर कुठे बोललेला नसतो. एका प्रश्नात एकच प्रश्न. 'आणि' घालून दुसरा जोडला की उत्तर सोप्या अर्ध्याचं मिळतं. उत्तर संपलं असं वाटल्यावर तीन सेकंद गप्प राहायचं; पुष्कळदा खरी गोष्ट त्या तीन सेकंदांनंतर येते, आणि रिकामी जागा संपादनात काढता येते.

ओळख ४० सेकंदांत. पुरस्कारांची यादी मराठी कार्यक्रमात फार लांबते आणि ऐकणारा तेवढ्यात निघून जातो. पाहुण्याला 'सर' किंवा 'मॅडम' एकदाच, मग 'तुम्ही'. दुजोरा मानेनं द्यायचा. 'हो हो', 'बरोबर', 'अगदी' हे उद्गार पाहुण्याच्या शब्दांवर पडले की वेगळा ट्रॅक असूनही पूर्ण निघत नाहीत, कारण ते त्याच्या माइकमध्येही गेलेले असतात.

उतारे पुस्तकातून थेट वाचायचे नाहीत. मोठ्या टाइपात, कागदाच्या एकाच बाजूला, पिन न मारता छापलेली सुटी पानं घ्यायची. पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. टेबलावरचं कापड त्यासाठीच.

२० जुलै, रविवार

पहिला भाग: इंप्रिंटचं पान, म्हणजे शीर्षकपानाच्या मागची बाजू. पाहुणे दोघं, एक प्रकाशक आणि एक छापखानदार. हाच भाग पहिला ठेवण्याचा निर्णय योग्य वाटतो, कारण पुढच्या सगळ्या भागांची भाषा तिथे तयार होते.

त्या एका पानावरून किती सांगता येतं: मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-गाव पुस्तकावर छापण्याची सक्ती १८६७च्या कायद्यात होती. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, २००७ पासून १३ आकडी. भारतासाठी ९७८ नंतर ८१ किंवा ९३, मग प्रकाशकाचा क्रमांक, मग पुस्तकाचा, शेवटचा आकडा पडताळणीचा. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो. एका पुस्तकाच्या बांधीव आणि कागदी बांधणीला दोन वेगळे क्रमांक लागतात, ई-पुस्तकाला तिसरा.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांचा गोंधळ इथे सोडवला. मराठीत प्रत्येक नव्या छपाईला 'आवृत्ती' म्हणायची चाल आहे. 'बारावी आवृत्ती' याचा अर्थ मजकूर बारा वेळा सुधारला असा नव्हे. अनेकदा एक अक्षरही बदललेलं नसतं. आवृत्ती किती प्रतींची होती हे पानावर नसतं, त्यामुळे आवृत्त्यांच्या आकड्यावरून खप मोजू नये. सूत्रसंचालकानं 'सुधारित' हा शब्द छापलेला असेल तरच सुधारित म्हणायचं.

छापखान्याचं गणित ऐकायला सगळ्यात गोड. फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा. २०८ पानं म्हणजे बरोबर १३ फॉर्म. मजकूर २११ पानांवर गेला तर साडेतेरा फॉर्म धरून २१६ पानं छापायची आणि शेवटी पाच कोरी सोडायची, नाहीतर अक्षरजुळणीत तीन पानं आवळायची. कादंबरीच्या शेवटी कोरी पानं का असतात हे वाचकाला सहसा कुणी सांगत नाही. आकड्यांचं बोलणं कानाला जड जातं, म्हणून सूत्रसंचालकानं प्रत्येक आकडा एकदा परत उच्चारायचा आणि एका वाक्यात दोनपेक्षा जास्त आकडे येऊ द्यायचे नाहीत. छापखानदारानं कागद दोन बोटांत धरून ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) ओळखला, तेव्हा कागदाची फडफड माइकजवळ घेऊन तो आवाजही ठेवला. इथे ती फडफड मजकुराचाच भाग आहे.

शेवटी कुणी न बोलता खोलीचा ३० सेकंदांचा सुना आवाज घेतला. जोडकामात लागतो.

३ ऑगस्ट, रविवार

संपादन. आधी मजकुराची कात्री, मग आवाजाची. उलट क्रमानं केलं तर टाकून द्यायच्या मिनिटांवर मेहनत जाते.

कात्री: ७० मिनिटांतून ४०. अडखळणं सगळं काढायचं नाही. 'म्हणजे', 'काय झालं', 'तर' हे बोलण्याचे टेकू आहेत; सगळे काढले की माणूस बातम्या वाचत असल्यासारखा वाटतो. श्वास ठेवायचे. वाक्याच्या मध्ये काट मारायचा तर व्यंजनाच्या ठोक्यावर, स्वराच्या मध्यावर नाही. काटलेल्या जागी खोलीचा सुना आवाज भरायचा, पूर्ण शांतता सोडली की खड्डा ऐकू येतो.

आवाजाची साखळी, प्रत्येक ट्रॅकवर याच क्रमानं: ८० हर्ट्झखालचं काढणं, ३०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी, कंप्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारा) ३ ला १, अटॅक १० मिलिसेकंद, रिलीज १००, जास्तीत जास्त ५-६ डेसिबल दाब, मग डी-एसर (शीळ दाबणारा). स आणि श यांची शीळ ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते, पण 'चमचा', 'चाक' यांतला दंत्य च आणि 'जरा'तला ज हेही त्याच पट्ट्यात सळसळतात. डी-एसर जोरात लावला तर हा च बोबडा होतो. म्हणून तो हलका लावायचा आणि जी दोन-चार अक्षरं तरी टोचतात ती हातानं खाली आणायची.

शेवटचा मोठेपणा: स्टीरिओला उणे १६ लुफ्स (कानाला लागणाऱ्या मोठेपणाचं माप), टोक उणे १ डेसिबलच्या आत. आपली फाइल मोनो आहे, म्हणून मीटरवर उणे १९ धरायचं. दोन्ही कानांत वाजल्यावर ते उणे १६ इतकंच लागतं. मोनो ९६ केबीपीएस एमपी३ केली की ४० मिनिटं सुमारे २९ एमबीत बसतात. स्टीरिओ १९२ ला तोच भाग दुप्पट जागा घेतो आणि दोन माणसांच्या बोलण्यात त्याचा काही फायदा नाही. गावाकडे मोबाइल डेटावर ऐकणाऱ्यांचा विचार इथे पहिला.

तपासणी तीन ठिकाणी: साधा मोबाइल स्पीकर, स्वस्त इअरफोन, आणि धावती एसटी. एसटीत जे वाक्य ऐकू आलं नाही त्याची पातळी वाढवली.

१७ ऑगस्ट, रविवार

मुद्रितशोधकाचा भाग, त्याला जोडून जुन्या गद्याचं वाचन.

जुनं छापील मराठी वाचताना सगळ्यात मोठी अडचण अनुस्वारांची. 'घरांत', 'त्यानें', 'केलें' असं छापलेलं असतं. हे अनुस्वार व्युत्पत्तीमुळे लिहिले जात, उच्चारात नव्हते. १९६२च्या लेखननियमांनी ते गेले. हरिभाऊंचा उतारा वाचणाऱ्यानं ते नाकात उच्चारले तर दोन मिनिटांत ऐकणाऱ्याचा जीव विटतो. वाचनाच्या प्रतीवर हे अनुस्वार पेन्सिलीनं आडवे छेदले आणि खरे उच्चारायचे तेवढे ठेवले. लांब वाक्यांत श्वासाच्या जागा तिरक्या रेघेनं दाखवल्या. वेग मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास. गप्पांच्या वेगानं जुनं गद्य वाचलं की वाक्याचा कर्ता हरवतो.

ग्रामीण कथेचे संवाद वाचायला त्या भागातलाच वाचक हवा. कागल-हातकणंगल्याकडचा हेल शिकून येत नाही, आणि ओढूनताणून आणला की पात्राची टिंगल होते. निवेदन एकानं, संवाद दुसऱ्यानं असं वाटून घेतलं तर फार खुलतं. शंकर पाटलांच्या कथेतलं एक पान असं वाचलं. उताऱ्याआधी बोलीतल्या तीन-चार शब्दांचे अर्थ सांगून टाकायचा मोह सोडला. संदर्भातून कळतात, आणि आधी सांगितले की धड्याचा वास येतो.

मुद्रितशोधकांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या कागदावर दाखवल्या. त्या ऐकणाऱ्याला दिसत नाहीत, म्हणून अर्थ बदलणारीच उदाहरणं घेतली: 'सुत' आणि 'सूत', 'दिन' आणि 'दीन'.

२४ ऑगस्ट, रविवार

दिवाळी अंकाचा भाग. ऑक्टोबरात संपादक भेटणार नाहीत आणि गणपती २७ला बसतात, त्यानंतर दहा दिवस शहरात शांत जागा मिळणं अवघड. म्हणून आजच उरकलं.

विषय पहिल्या दिवाळी अंकापासून, काशीनाथ रघुनाथ मित्र यांचा 'मनोरंजन', १९०९. पण वेळ जास्त दिला तो आजच्या कामाला: लेखकांना पत्रं कधी जातात, साहित्य कधी यायला हवं, जाहिरातीची पानं आधी भरतात की कथांची. उत्तर स्पष्ट मिळालं, जाहिरातीची पानं ठरल्याशिवाय अंकाची पृष्ठसंख्या ठरत नाही. पहिल्या भागातला फॉर्मचा हिशेब इथे आपोआप परत आला, आणि तो कापायचा नाही असं ठरलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

अनुवादाचा भाग, पाहुण्या परगावी. पावसाळ्यात पाहुणे प्रत्यक्ष येतील यावर वेळापत्रक बांधू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की शिरोळकडचे रस्ते एकेक करून धोक्यात येतात. ४३ ही धोका पातळी. दूरचं रेकॉर्डिंग हाताशी तयार हवंच.

पद्धत: बोलणं व्हिडिओ कॉलवर, रेकॉर्डिंग मात्र प्रत्येकाचं स्वतःच्या ठिकाणी. कॉलचा आवाज दाबलेला असतो आणि नेट अडखळलं की शब्द गिळतो. पाहुण्यांनी कॉलसाठी इअरफोन लावले, दुसरा मोबाइल उशीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर. सुरुवातीला आणि शेवटी दोघांनी एकाच वेळी टाळी. सुरुवातीची टाळी जुळवायला, शेवटची घसरण मोजायला: दोन यंत्रांची घड्याळं सारखी चालत नाहीत आणि तासाभरात थोडा फरक पडतो. शेवटची टाळी जुळली नाही तर ट्रॅक दर दहा मिनिटांच्या शांत जागी तोडून सरकवायचा.

पाहुण्यांच्या मोबाइलची फाइल ४४.१ किलोहर्ट्झची आली. प्रोजेक्ट ४८चा असताना ती रूपांतर न करता बसवली गेली तर आवाज सुमारे ९ टक्के वेगानं आणि चढ्या पट्टीत चालतो. आयात करताना रूपांतर झालं ना, हे फाइलच्या लांबीवरून लगेच कळतं.

चर्चा खांडेकरांच्या तमिळ आणि गुजराती वाचकांपासून सुरू केली. मग एकाच परिच्छेदाचे दोन खर्डे लागोपाठ वाचून घेतले. अनुवादावर बोलण्यापेक्षा हे जास्त सांगून जातं. दोन खर्ड्यांमध्ये सूत्रसंचालकानं एकच वाक्य बोलायचं, कुठला शब्द बदललाय ते ऐका एवढंच.

२८ सप्टेंबर, रविवार

फीड (ज्यातून ॲपना आपले भाग मिळतात ती यादी) आणि मजकूर.

मुखचित्र ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी. मोबाइलवर ते नखाएवढं दिसतं, त्यामुळे बारीक टाइपातले रफार आणि उकार पुसले जातात. शीर्षक दोन शब्दांचं, जाड टाइपात. पुस्तकाचं मुखपृष्ठ वापरायचं तर प्रकाशकाबरोबर चित्रकाराचीही परवानगी आणि चित्रकाराचं नाव नोंदीत.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत, जागा न सोडता. देवनागरी नाव दिलं तर पत्त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाचं नऊ चिन्हांत रूपांतर होतं आणि काही ॲप अशी लांब दुव्याची फाइल उघडत नाहीत. शीर्षक मात्र देवनागरीत, भाषा मराठी निवडून. एकदा प्रसिद्ध केलेल्या भागाचा ओळखक्रमांक बदलायचा नाही. बदलला की ऐकणाऱ्याकडे तोच भाग नवा म्हणून पुन्हा उतरतो.

भागाखालच्या नोंदीत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, कुठली आवृत्ती वाचली, वाचलेल्या उताऱ्याचं पान, आणि मिनिटांप्रमाणे विषय. आवृत्ती लिहिली नाही तर पान क्रमांक निरुपयोगी ठरतो.

प्रकाशकांकडून येणारा मजकूर अजून बऱ्याचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. चिकटवला की चिन्हांचा कचरा दिसतो. रूपांतर करून घ्यायचं आणि मग तीन गोष्टी डोळ्यांनी तपासायच्या: रफार योग्य अक्षरावर आहे का, ऱ्हस्व वेलांटी सरकली नाही ना, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतला ऱ्य. तो दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला वेगळे. आपल्या सगळ्या नोंदींत एकच पद्धत.

१२ ऑक्टोबर, रविवार

दोन मिनिटांची झलक आठवडाभर आधीच फीडवर चढवली. फीडमध्ये एक तरी फाइल असल्याशिवाय ॲपकडे नोंदणी करता येत नाही आणि मंजुरीला काही दिवस जाऊ शकतात. पहिला भाग १५ तारखेला, वाचन प्रेरणा दिनी, सकाळी ६ वाजता. झलकेत स्वागत नाही, उद्देश नाही. छापखानदाराचं फॉर्मबद्दलचं बोलणं आणि वाचनातल्या चार ओळी.

यूट्यूबवरही तोच आवाज, स्थिर चित्रासह. मराठी ऐकणारे मोठ्या संख्येनं तिथेच आहेत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सहावा भाग ग्रंथपालांबरोबर, वाचनालयातच. ९ ते ११ नोव्हेंबर किरणोत्सव, अंबाबाईच्या देवळाभोवती संध्याकाळी गर्दी असते. म्हणून रेकॉर्डिंग १३ तारखेला, सकाळी ८ ते १०, वाचक यायच्या आधी. वाचनालयातली खोली उंच छताची आहे, तिथे माइक ६ सेंटिमीटरपर्यंत जवळ घ्यावा लागेल आणि खालचे सूर फुगतील, तेव्हा फिल्टर ८० ऐवजी १०० हर्ट्झवर.

प्रश्न तयार आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा, त्याखाली अ, ब, क, ड वर्ग. वर्ग बदलला की खरेदीत नेमकं काय बदलतं? दाखल नोंदवहीतली सर्वांत जुनी नोंद वाचून दाखवाल का? एखादं पुस्तक रद्दबातल करायचं हे कोण ठरवतं आणि त्याआधी काय पाहतं? देवघेवीच्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के वाचून घ्यायचे, एकाच पुस्तकाचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये पाच-सहा वर्षांची पोकळी असेल तर तिथे थांबून विचारायचं.

दुसऱ्या पर्वासाठी बाइंडर, मुखपृष्ठकार आणि जुन्या पुस्तकांचे विक्रेते. उताऱ्यांच्या परवानगीची पत्रं डिसेंबरातच जायला हवीत; हक्क वारसांकडे असतील तर उत्तर यायला महिने लागतात, आणि एका वारसाची सही पुरत नाही.